नावाआधीचा एक शब्द

मंगळवारी शाळा सुटली की शिक्षिका असलेली लव्हिनिया टार्पली स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून वस्तीच्या बातम्या लिहून काढी. कुणाकडे शिकागोहून पाहुणे आले, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, चर्चच्या जेवणात कुणाचं चिकन सगळ्यांत आधी संपलं. जॉर्जियातल्या त्या गावात एकच दैनिक होतं आणि शनिवारी त्यातला अर्धा रकाना काळ्या लोकांसाठी असे. अकरा वर्षं ती तो फुकट लिहीत होती. दर वेळी ती बायकांच्या नावांआधी ‘मिसेस’ लिही आणि दर वेळी कचेरीत तो शब्द खोडला जाई. मिस्टर आणि मिसेस गोऱ्यांसाठी राखून ठेवलेले होते.

“या वेळी तरी छापतील का गं?” समोर शेंगा सोलत बसलेली म्हातारी आई विचारी.

“छापतील हळूहळू,” लव्हिनिया म्हणे.

आई, केझाया टार्पली, चाळीस वर्षं सुईण होती. काळ्यांच्या घरांत आणि गोऱ्यांच्याही. ज्या गोऱ्या मुलांना तिने आपल्या हातांनी जगात आणलं, ती मुलं बोलायला लागली की तिला “ए केझाया” म्हणून हाक मारत. तिने कधी तक्रार केली नाही. फक्त शनिवारी पेपर आला की आपल्या माणसांचा रकाना ती बोट ठेवून वाची आणि घडी घालून ठेवून देई.

एका गुरुवारी पहाटे ती झोपेतच गेली. दफन रविवारी ठरलं. बातमी पोस्टाने न पाठवता लव्हिनिया स्वतःच कचेरीत घेऊन गेली. संपादक हॉलिस प्रुएट यांनी तिला बस म्हटलं नाही, पण त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं.

“तुझी आई फार भली बाई, लव्हिनिया. माझ्या दोन्ही मुलांच्या वेळी तीच होती,” असं म्हणत त्यांनी पेन्सिल उचलली आणि पहिलाच शब्द खोडला.

“मग तिला मिसेस म्हणायला काय हरकत आहे, साहेब?”

त्यांनी तिला समजावून सांगितलं. त्यांची स्वतःची काही हरकत नव्हती. पण फर्निचरवाले जाहिरात काढून घेतील, बँक काढून घेईल, वाचक पेपर बंद करतील. धंदा होता हा. मग त्यांना एक तोड सुचली. “‘केझाया मावशी’ असं छापू. आमची माणसं तिला प्रेमाने तसंच म्हणायची.”

“ती तुमची मावशी नव्हती, साहेब. ती रूफस टार्पलीची बायको होती. चर्चमध्ये लग्न लागलं होतं त्यांचं.”

टेबलावर त्या दिवशीचा अंक उघडा पडला होता. हरवल्याच्या जाहिरातींत एका घरची पांढरी केसाळ कुत्री होती, ‘मिस डॉली’. शोधून देणाऱ्यास बक्षीस. तो ‘मिस’ कुणीही खोडला नव्हता. लव्हिनियाने ते वाचलं आणि आपला कागद उचलून घेतला.

“मग छापू नका. आणि पुढच्या शनिवारपासून रकानाही येणार नाही.”

“अगं, लोकांना कळणार कसं?”

“नाही कळणार,” ती म्हणाली आणि बाहेर पडली.

लाकूड कापायच्या गिरणीवर काम करणारा तिचा धाकटा भाऊ अमॉस संतापला. एका शब्दासाठी आईला असं गुपचूप पुरायचं का, असं त्याने विचारलं. दोघं जमेल तेवढी घरं फिरून सांगून आली, पण लांबच्या शेतांवर ना फोन, ना धड रस्ता. रविवारी अर्धं चर्च रिकामं होतं. पहिल्या बाकावर बसलेल्या लव्हिनियाला मागे वळून बघण्याचा धीर झाला नाही.

मंगळवारी ऑटलीन बेक नावाची म्हातारी अठरा मैलांवरून आली. हातात पीचच्या मुरंब्याची बरणी होती. तिची पाचही बाळंतपणं केझायाने केली होती.

“केझाया गेली असं फेरीवाला म्हणाला होता,” ती म्हणाली. “शनिवारचा पेपर नातीकडून दोनदा वाचून घेतला. नाव नव्हतं. म्हटलं, खोटं असेल, जिवंत आहे. तरी मन राहीना, म्हणून आले.”

लव्हिनियाने तिला काही न लपवता सगळं सांगितलं. म्हातारी शिव्या देईल, असं तिला वाटलं होतं. पण तिने बरणी टेबलावर ठेवली.

“माझ्याही वेळी देऊ नका बातमी,” ती म्हणाली. “नातीला सांगून ठेवते. जिवंतपणी मिसेस म्हणाले नाहीत, तर मी मेले हे तरी त्यांना कशाला कळायला हवं?”

हे बोलणं एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये गेलं. दोन वर्षांत त्या पेपरकडे एकाही काळ्या बाईच्या मृत्यूची बातमी जाईनाशी झाली. प्रुएटसाहेबांनी त्या जागी केसांच्या तेलाची जाहिरात घेतली. नावाआधीचा तो शब्द छापून यायला पुढे चौदा वर्षं लागली. तेव्हा ना अग्रलेख आला, ना दिलगिरी. ऑटलीन तोवर बातमीवाचूनच मातीआड झाली होती. त्या रविवारबद्दल अमॉसने बहिणीला अखेरपर्यंत माफ केलं नाही, आणि तो चुकला असं लव्हिनियाही कधी म्हणाली नाही.

रोज सकाळी कॉफी पिताना गोऱ्यांच्या हजारो घरांत त्या पेपरची पानं उलटली जात होती. त्यात कुणाला काही खटकलं नाही. आणि त्यांच्यातला एकही जण स्वतःला वाईट माणूस समजत नव्हता.