हिरवा गोल आणि तुटलेली वायर

मित्रांनो, मी खोक्यासारखा एक जुना कॉम्प्युटर आहे. आयुष्यात मी कधी खोटं बोललो नाही. तरीही माझ्यामुळे एका भल्या मुलीला मान खाली घालावी लागली. ती हकिगत मला तुम्हाला सांगायची आहे.

माझे सुटे भाग एका दुकानात जोडले गेले, ते साल होतं एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात काम करणाऱ्या कचरूरावांनी मला आपल्या मुलीसाठी, चैतालीसाठी क्वार्टरवर आणलं. तिच्या आईने, कांताबाईंनी माझ्यासाठी फुलाफुलांच्या कापडाचं कव्हर शिवलं. पाहुणे आले की आधी मला दाखवत, मग चहा देत. ते दिवस फार सुखाचे होते.

चैताली इंजिनियर झाली आणि तिने बिबवेवाडीत छोटं ऑफिस काढलं. मलाही तिने सोबत नेलं. बद्रीनाथ यांच्या ट्रॅव्हल कंपनीची वेबसाइट तिच्या सर्व्हरवर, म्हणजे ऑफिसातल्याच एका मोठ्या कॉम्प्युटरवर चालायची. मला टेबलावर त्या सर्व्हरच्या शेजारीच बसवलं होतं. दर पाच मिनिटांनी मी त्याला विचारायचो, “आहेस का?” तो म्हणायचा, “आहे.” मग मी पडद्यावर हिरवा गोल काढायचो. “हा आमचा पहारेकरी,” असं चैताली येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मी फुगून जायचो, खोटं कशाला बोलू?

दोन हजार सात सालच्या दिवाळीचं बुकिंग सुरू झालं. खराडीत नोकरी करणारी अमरावती-यवतमाळकडची मुलं घरी जायला टपून बसली होती. त्याच सकाळी बाहेर कोणीतरी रस्ता खोदला आणि इंटरनेटची वायर तोडली. दुपारी बद्रीनाथांचा फोन आला.

“मॅडम, पंचवीस जणांनी फोन केले. साइट उघडत नाहीये.”

चैतालीने माझ्याकडे पाहिलं. “नाही हो, चालू आहे. समोर हिरवा दिवा दिसतोय मला.”

“असं? मग त्या दिव्यालाच बसवा अमरावतीच्या गाडीत,” बद्रीनाथ म्हणाले. “उन्हाळ्याच्या बुकिंगपर्यंत थांबतो. पुन्हा मला गिऱ्हाइकांकडून कळलं, तर काम दुसऱ्याला देणार.”

एवढं एकच मोठं काम होतं. ते गेलं असतं तर ऑफिसला कुलूप लागलं असतं.

वेबसाइटवर बाहेरून लक्ष ठेवणाऱ्या कंपन्या असतात, हे मला तेव्हा कळलं. चैतालीने तीन कंपन्यांची सेवा महिनाभर आजमावायला घेतली. जाहिरातीत तिघीही सारख्याच जागरूक होत्या. निवडायचं कसं, हे तिला समजेना. तेव्हा निवृत्त झालेले कचरूराव म्हणाले, “अगं, कारखान्यात माल आम्ही बनवायचो आणि तपासणारे वेगळे असायचे. ते झोपलेत की जागे, हे बघायला साहेब मुद्दाम एक वाकडा नग मालात सरकवायचे.”

चैतालीने साइट थोडा वेळ मुद्दाम तोडून बघायला बद्रीनाथांची परवानगी मागितली. “तोडा की. तुम्हाला सवय आहे,” असं उत्तर आलं.

रविवारी दुपारी कचरूरावांनी हातात घड्याळ धरलं आणि बाहेर जाणारी वायर उपटली. पहिल्या कंपनीचा निरोप अठ्ठावीस मिनिटांनी आला. दुसरीचा मिनिटात आला, पण साइट जरा शिंकली तरी ती कंपनी मेसेज पाठवायची. तिच्या कटकटीला कंटाळून चैतालीने त्या मेसेजसाठी ठेवलेला फोन ड्रॉवरमध्ये टाकला होता. तिसरीने आधी मुंबईहून आणि चेन्नईहून साइट उघडून पाहिली, दोन्हीकडे ती बंद आहे याची खात्री केली आणि मगच फोन केला. तिला तीन मिनिटं लागली. चैतालीने तिलाच निवडलं.

मग दोघांचं लक्ष माझ्याकडे गेलं. वायर माझ्या डोळ्यांदेखत उपटली होती, तरी मी हिरवाच होतो! शेजारचा सर्व्हर मला आतल्या आत “आहे” म्हणत होता ना. मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“हा बघा, बाबा,” चैताली चिडून म्हणाली.

“त्याच्यावर कशाला डाफरतेस?” कचरूराव म्हणाले. “बाहेरून बघायला त्याला कधी सांगितलंच नाहीस तू.”

एप्रिलमध्ये ऐन बुकिंगच्या सकाळी वायर पुन्हा तुटली. तीन मिनिटांत चैतालीचा फोन वाजला. तिने लगेच बद्रीनाथांना कळवलं, “अहो, साइट बंद पडलीय. पाऊण तास लागेल. तोवर बुकिंग फोनवर घ्या.”

“बरं झालं, आधी सांगितलंत,” एवढंच बद्रीनाथ म्हणाले आणि काम तिच्याकडेच राहिलं.

आता मी कपाटावर असतो. कोणी विचारत नाही. वाईट वाटतं, पण राग नाही. मित्रांनो, आम्हा जुन्या यंत्रांची धूळ अधूनमधून पुसत जा. मात्र राखणदाराला घरात कोंडून राखण होत नाही. तो इमानाने “सगळं ठीक आहे” म्हणत राहील. तुम्ही मात्र एकदा बाहेर जा, आणि आपलंच दार वाजवून बघा.