उपाशी पानं

“आबा, आमच्या आधी ह्यो पंप कुठं वापरला व्हता?” संपतनं विचारलं.

चार दिवसांपूर्वी स्वतःच फवारलेल्या संपतच्या काकडीचं पान हौशीरामनं उलटून पाहिलं. कडेपासून पिवळं पडत ते शिरांच्या मधल्या जागेत सुकत आलं होतं. सगळा मांडव तसाच.

“दौंडकडं, उसाला. तणनाशक मारलं. पर टाकी धुतली की रं! हुंगून बघितल्याबिगर मी दुसऱ्याच्या वावरात पाय ठेवत न्हाई.”

ते खरं होतं. शिरूरपासून दौंडपर्यंत लोक त्याला फवारणीला बोलावत, ते याच खात्रीवर. टाकीत नाक घालायचं. वास गेला की टाकी साफ. मुलगा वारल्यापासून सून आणि नात याच पंपावर जगत होत्या.

संपतची बायको तेजश्री शेतकी शिकलेली. तिनं पान उन्हात धरलं. “आबा, पान उजेडावर अन्न करतं. त्या औषधानं ते कामच बंद पडतं. मग अंगावर आलेलं ऊन पानाला खपवता येत न्हाई, आन् त्येच ऊन त्याला जाळतं.”

“मग सावली करू. घरनं जुनी लुगडी आणतो.”

“सावलीत उपाशी मरंल.”

 हौशीरामनं पंपाचं झाकण फिरवून काढलं आणि टाकीत नाक घालून लांब श्वास ओढला.

“बघा. साफ हाय. बघा की!”

तेजश्रीनं नाकाला पदर लावला. संपत मागं सरला होता.

“काय झालं?”

“आबा,” संपत हळू आवाजात म्हणाला, “हितपर्यंत भपकारा येतोय.”

हौशीरामनं पुन्हा हुंगलं. नाकात गार हवा गेली, बाकी काही नाही. तोंडाला फडकं न बांधता आयुष्यभर फवारलं. त्यात नाक कधी मेलं, कळलंच नव्हतं.

“कुणाला बोलू नगंस, संपत.”

“बोलावं लागंल, आबा. उद्या तुम्ही दत्ताच्या टोमॅटोत जाणार.”

संध्याकाळी सून शितलनं ताट पुढं ठेवलं. “नवा मसाला कुटलाय, मामंजी. वास कसा सुटलाय?”

तो वाटीवर वाकला. गरम वाफ तोंडावर आली.

“झ्याक,” तो म्हणाला.

ती खूश झाली. “सकाळी दत्ताकडं जायचंय न्हवं? डबा कवा करू?”

हौशीराम आमटीत भाकरी कुस्करत राहिला.