पुन्हा लावलेली नळी

माझ्या मोठ्या जाऊबाईंचा एक कडक नियम आहे: लॅबचा ॲप्रन उंबऱ्याच्या आत आणायचा नाही. "दिवसभर त्याला कुणाकुणाचं रक्त लागतं," असं त्या म्हणतात आणि मी तो निमूटपणे जिन्यातल्या खिळ्याला टांगते. एरवी कुणाचं ऐकून घेणाऱ्यांतली मी नाही.

ॲप्रन सोडला तर माझ्या कामाचं त्यांना भारी कौतुक. भांडी आवरताना मी लॅबमधल्या गमती सांगते आणि त्या कान देऊन ऐकतात. असंच कधीतरी मी बोलून गेले होते, "वाईट आकडा आला ना, की आम्ही रिपोर्ट लगेच हातात देत नाही. तीच रक्ताची नळी मशीनला पुन्हा लावून बघतो. बाहेर माणूस ताटकळत बसला की समजायचं, काहीतरी बिघडलंय."

पुढे त्यांनाच रक्ताचा आजार निघाला. वर्षभर औषधांनी त्यांना पार पिळून काढलं. आज निकालाचा दिवस होता. पेशी जागेवर आल्या असतील तर औषध बंद, नाहीतर पुन्हा भरती, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. रक्त मीच काढलं. त्या बाहेर बाकावर जाऊन बसल्या.

मशीनने आकडे दाखवले आणि मी पडद्याजवळ वाकले. सगळे आकडे जिथल्या तिथे! चांगला आकडा आम्ही कधी पुन्हा लावत नाही, तेवढा वेळ कुणाला आहे? पण माझा विश्वास बसेना. नळ्यांची अदलाबदल तर झाली नाही? नावाची चिठ्ठी पाहिली, नळी पुन्हा लावली. तेच आकडे. तरी मन मानेना, म्हणून काचेवर थेंब पसरला, रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी न् पेशी पाहिली. सगळ्या शहाण्यासारख्या दिसत होत्या. तेव्हा कुठे मी रिपोर्ट घेऊन बाहेर धावले.

बाक रिकामा होता.

"त्या गेल्या," खिडकीवरची मुलगी म्हणाली. "म्हणाल्या, इतका वेळ लागला म्हणजे मला कळलं. तिला ते तोंडाने सांगायला नको."

माझ्या जिभेला हाड नाही, हेच खरं. फोन लावला तर त्यांचा फोन बंद. मग मिळेल ती गाडी पकडून घर गाठलं.

त्या बॅग भरून पलंगावर बसल्या होत्या. मी ॲप्रनसकट आत शिरलेली पाहून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. हिला ॲप्रन काढायचंही भान नाही, म्हणजे बातमी तशीच असणार, असं त्यांना वाटलं.

"चांगला आहे!" मी ओरडले. "रिपोर्ट चांगला आहे हो!"

"मग इतका वेळ?"

"मला खरंच वाटेना. नळी दोनदा लावली."

"अगं बये, चांगल्यालासुद्धा ताटकळत ठेवतेस?"

मी बॅग आवरायला घेतली. उचलली तर हलकी लागली. आत कपड्यांचा एकच जोड होता.

"एकच?"

"जास्त लागतील असं वाटलं नाही गं."

मला रडू आवरेना. डोळे पुसत, ॲप्रनची बटणं काढत मी दाराबाहेरच्या खिळ्याकडे निघाले.

"राहू दे तो," त्या म्हणाल्या. मला जवळ ओढलं आणि त्याच ॲप्रनमध्ये तोंड खुपसून हमसून हमसून रडल्या.