सोचीतला पानसोट

रशियातल्या सोचीला निघण्याआधी अनसूयेने राजापेठेत सगळ्यांना सांगून टाकलं होतं, "आमच्या ह्यांना रशियन येतं." येतं म्हणजे काय, तर शाळेतून निवृत्त झाल्यावर एका जुन्या पुस्तकावरून मी ते शिकलो. रोज पहाटे, दार लावून. माझे उच्चार कुणा रशियन माणसाने कधी ऐकले नव्हते. ऐकून तो हसला, तर त्या सगळ्या पहाटा वाया गेल्या, ही माझी भीती. म्हणून सोचीत उतरल्यापासून मी दुकानात पावसुद्धा बोटाने दाखवूनच घेत होतो.

"सर, तुमी रशियनमधे मुके आहा का?" पंजाबराव विचारायचे. ते आणि त्यांच्या पत्नी सत्यवतीबाई वरूडकडचे संत्रा बगीचेवाले, आमच्याच सहलीतले.

सकाळी आम्ही रोपवेतून समुद्र पाहिला. ताडांच्या रांगा, पांढरी जहाजं. "लय पानी आहे," एवढं म्हणून पंजाबराव मोकळे झाले. ते खुलले दुपारी, मैत्रीच्या झाडापाशी. एकाच झाडावर लिंबं, संत्री, पपनस; देशोदेशींच्या पाहुण्यांनी बांधलेली कलमं. आमची गाइड हर्षा कुणाचा तरी विसरलेला चष्मा आणायला बसकडे गेली होती. पंजाबराव झाडाभोवती फिरले, वाकले आणि त्यांनी टचकन एक फुटवा मोडला.

आमच्याकडे हे कुणीही करतं. दुसऱ्याच्या बगीच्यात गप्पा मारत चालतानाही पानसोट दिसला, म्हणजे फळ न देता नुसता रस ओढणारा फुटवा, की हात जातोच.

पण तिथली राखणदार बाई धावत आली. पंजाबरावांचा दंड धरून तिने जी ओरडायला सुरुवात केली!

"सर!" पंजाबराव ओरडले. "सांगा न तिले, आमी चोर नाई म्हणून!"

अनसूया माझ्याकडे बघत होती.

मी पुढे झालो. "माफ करा," मी रशियनमध्ये म्हणालो. "हा माणूस गावी संत्री पिकवतो. त्याच्या हाताला वाटलं, तो घरीच आहे."

बाई थबकली. मग मान मागे टाकून खदखदून हसली. संपलं, मी मनात म्हटलं.

पण तिने दंड सोडला होता. माझ्याकडे वळून ती भराभर काही बोलली. मला एक अक्षरही कळलं नाही. हसून तर झालंच होतं, आता भ्यायचं कशाला? "हळू बोला," मी म्हणालो, "मी पुस्तकातून शिकलोय."

मग ती लहान मुलाशी बोलावं तशी बोलली.

"काय म्हनते?" पंजाबरावांनी विचारलं.

"फुटवा काढायचाच होता म्हणते. पण झाड तिच्या ताब्यातलं, आधी विचारायचं."

"घरी पानसोट काढाले मजूर लावते हा मानूस," सत्यवतीबाई म्हणाल्या, "अन् इथं फुकट राबून राहिला!"

"अहो, आणखी काय म्हणाली?" अनसूयेने विचारलं.

मी जरा घुटमळलो. "माझं बोलणं तिच्या आजोबांसारखं आहे म्हणते."

"म्हणजे कळलं की तिला!" अनसूया म्हणाली, आणि हर्षा परत आल्यावर तिलाही तेच सांगत सुटली.

संध्याकाळी किनाऱ्यावर एक जण उकडलेली कणसं विकत होता. सत्यवतीबाईंनी एका कणसाचे दाणे दातांनी सोलून खाल्ले आणि तोंड वाकडं केलं. "सर, विचारा न त्याले, तिखट काहून नाई लावत?"

तिखट हा शब्द माझ्या पुस्तकात नव्हता. मी चपला घातल्या आणि विचारायला गेलो.