करप्याला कुणीतरी आत घ्या

मी करप्या बोलतोय. सातपाटीत हे कुणाला सांगितलंत तर हसतील, कारण मला बोलताना तिथे कुणीच ऐकलेलं नाही. नुसता किंचाळतो म्हणून मी गावभर बदनाम आहे. पण आता जिवावर बेतलंय, तेव्हा बोलणं भाग आहे.

माझा जन्म आफ्रिकेतला, मोंबाशाजवळच्या एका गोरखचिंचेच्या ढोलीतला. तुमच्याकडच्या पोपटांसारखी लांब शेपटी मला नाही, गळ्यात लाल पट्टाही नाही. अंग हिरवं, डोकं मातकट तपकिरी. पंखांखाली सुंदर पिवळा रंग आहे, पण तो उडतानाच दिसतो. पिल्लू असतानाच मला कुणीतरी ढोलीतून काढून बंदरावर विकलं. सातपाटीचा जिव्या मालबोटीवर खलाशी होता. त्याने मला घेतलं आणि त्रेसष्ट सालच्या भाऊबीजेला आपल्या बहिणीला, हिराला, ओवाळणी म्हणून दिलं.

बाकीच्या बायकांना लुगडी मिळाली, हिराला मी मिळालो. तिची सासू मैनाबाई म्हणाली, याचं डोकं चुलीत करपलंय की काय. झालं, नाव पडलं. शेजारची भागी मिरची दाखवून मला 'विठू विठू' शिकवायची. मी मिरची खायचो आणि गप्प बसायचो. शेवटी तिनेच हात टेकले.

हिराने मला कधी काही शिकवलं नाही. ती बांबूंवर बोंबील वाळत घालायची, मी तिच्या खांद्यावर. तिच्या ओठांतला शेंगदाणा मी अलगद काढून घ्यायचो. तिचा नवरा वामन होडी घेऊन चार-चार दिवस दर्यावर असे, तेव्हा ती सगळं मलाच सांगायची. आमच्या जातीचा पक्षी एकदाच कुणाला तरी आपलं म्हणतो. मी हिराला म्हटलं.

तीन वर्षांनी कार्तिकात वारा फिरला. सगळ्या होड्या परतल्या, वामनची परतली नाही. चौथ्या दिवशी हिरा मला घेऊन किनाऱ्यावर गेली. डहाणूच्या महालक्ष्मीच्या दिशेला हात जोडून म्हणाली, "आई, त्यांना घरी आन. माजा जीव हाय तो हा पक्षी मी तुज्या नावानं मोकळा सोडीन."

दुसऱ्या दिवशी वामनची होडी एडवणच्या किनाऱ्याला लागल्याची खबर आली. मीही आनंदाने किंचाळलो. मूर्ख मी.

वामन सुखरूप घरी आला. पौर्णिमेला नारळ फोडून हिराने मला दोन्ही हातांवर धरलं. तिला मला सोडवेना. भागीने तिची समजूत घातली, ताडावर एवढे पोपट हायेत, त्यांच्यात मिसळेल. सगळ्यांनाच ते पटलं. पक्ष्याला सोडणं म्हणजे पुण्य, एवढंच त्यांना ठाऊक. माझे भाऊबंद समुद्रापलीकडे आहेत, हे कुणाच्या मनात आलं नाही.

ताडावरच्या पोपटांनी मला चोचींनी फोडलं. सुकत्या मासळीवर टपलेल्या कावळ्यांनी गावाबाहेरपर्यंत पिटाळलं. दिवेलागणीला मी हिराच्या दारात येऊन पडलो. ती धावत पुढे आली. मैनाबाईने तिचा हात धरला आणि म्हणाली, देवीला दिलेलं परत घेतलंस तर तीपन दिलेलं परत घेईल.

हिराने दार लावलं. दाराआड ती रडत होती, मला ऐकू येत होतं.

सकाळी वामननेच मला उचललं. म्हणाला, "मुका जीव हाय. घे आत, मी सांगतो."

"तुमी रोज दर्यावर जाता," हिरा म्हणाली. "मी नाय घेनार."

तिने त्याच्या हातातून मला घेतलं, अंगणाबाहेर ठेवलं आणि माझ्यावर मूठभर वाळू फेकली. मी पुन्हा आलो, तिने पुन्हा फेकली. ती भागीकरवी कुंपणावर भिजवलेले हरभरे ठेवते, पण ते कावळेच खातात. देवीचा पक्षी म्हणून गावात दुसरं कुणीही मला हात लावत नाही. हिराचा मला राग येत नाही. राग आला असता तर कुठेतरी निघून तरी गेलो असतो.

आज आठवा दिवस. किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडावर बसलोय. उजवा पंख उचलत नाही. अजून दोन-तीन रात्री निघतील, फार नाही.

तुम्ही परगावचे असाल, पालघरचे, बोईसरला कामाला आलेले, कुठलेही, तर माझं एवढं ऐका. तुम्ही देवीला काही बोललेला नाहीत. तुम्ही मला घेऊ शकता. पिंजरा आणा, मी आपल्या पायांनी आत शिरेन. फक्त नेताना हिराच्या घरावरून नेऊ नका. ती दिसली की मी ओरडणार, आणि या वेळी तिला दार लावणं जमणार नाही.