अठरा चित्रांची रांग

शनिवारी सकाळी कॉम्प्युटर सुरू केला आणि पडद्यावर माझ्या ओळखीचं काहीच नव्हतं.

चूक माझीच. शुक्रवारी निघताना एक निळी पाटी आली होती, त्यावर इंग्रजीत बरंच काही लिहिलं होतं. मी नेहमीसारखं पहिलं बटण दाबलं आणि घरी जाऊन भाकरी टाकल्या. सकाळी पाहते तर डाव्या कोपऱ्यातलं बटण मधोमध येऊन बसलेलं, आणि ज्यांवर दाबून मी काम करते ती अठरा चित्रं अर्धी गायब, अर्धी एकसारखी गुळगुळीत निळी. नाचता येईना त्याला अंगण वाकडं असतं म्हणतात. मला नाचता येत होतं हो, अंगणच कोणीतरी बदलून गेलं होतं.

शेंदूरजनाघाटच्या आमच्या शेतकऱ्यांच्या संत्रा गटात मी आधी शेडमध्ये बसायची. लहान फळ इकडे, मोठं तिकडे, डागी बाजूला, असं अकरा वर्षं केलं. ऑफिसात यास्मीन होती. लग्न होऊन अकोल्याला जायच्या आधी तिने मला कॉम्प्युटर शिकवला. माझं शिक्षण दहावी, इंग्रजी अडखळत. म्हणून तिने नावं शिकवलीच नाहीत, जागा शिकवल्या. डावीकडून वरचं तिसरं म्हणजे वजन. त्याच्या खालचं लेबल. उजव्या कोपऱ्यातलं हवामान. सहा वर्षं माझा हात आपोआप जात होता, चुलीवरून चहाच्या डब्याकडे जातो तसा.

सेक्रेटरी धर्मपालभाऊ मागे येऊन उभे राहिले. माझ्या लेकाच्या वयाचे, पण आवाज मोठा. त्यांच्या हातात खडू होता; एरवी छापून लावतात ती सूचना त्या दिवशी त्यांनी फळ्यावर हातानेच लिहिली होती.

"काय झालं मनकर्णाबाई?"

"चित्रं हरवले."

"सोमवारी दहाले गाडी लागते. अडीचशे पेट्यांचे लेबल निघाले पायजे. तुमाले जमून नाई राहिलं तं तसं सांगा. अमरावतीवरून ऑपरेटर बोलावतो, तुमी आपल्या शेडमध्ये बसून जा. त्यात काय लाज?"

लाज नव्हती, पण राग आला. शेडमधलं काम वाईट नाही. पण ही खुर्ची मला कोणी दिली नव्हती, मी शिकून मिळवली होती. "सोमवारी दहाले लेबल घ्या," मी म्हणाले.

यास्मीनला फोन लावला.

"काकू, घबरू नका. ते निळी पाटी म्हणजे कॉम्प्युटरचा नवा बदल होता. काई हरवलं नाई, सामान दुसऱ्या खोलीत ठेवलं समजा. ते मधलं बटन दाबा. सगळे तिथं सापडतीन. एकेक पकडा अन् ओढून बाहेर आणा."

मी एकेक उघडून पाहिलं. आत वजनाचं कोष्टक दिसलं की ते वजन. एकात पत्त्यांचा खेळ निघाला, तो बंद केला. ओढायला गेले की चित्र मध्येच हातातून सुटायचं. जेवणाचा डबा तसाच राहिला. पाच वाजता अठराच्या अठरा आपापल्या जुन्या जागी होती. बोटं दुखत होती, पण मी खूश होते.

सोमवारी सव्वानऊला कॉम्प्युटर सुरू केला. चित्रं सगळी होती, पण एकही जागेवर नव्हतं. कोणीतरी पत्ते पिसावेत तशी.

पुन्हा यास्मीनला फोन लावला.

"ते नावापरमाणे लावून राहिलं काकू, ए-बी-सी-डी. एक टिक असते, ते काढून टाका म्हणजे झालं."

"अन् पुढच्या बदलात ते टिक परत लागली तं?"

"लागू शकते," ती म्हणाली.

म्हणजे मी पुन्हा शनिवारभर उपाशी. खिडकीबाहेर माल घेऊन आलेल्या ट्रॉल्या उभ्या होत्या. एक कडुलिंबाखाली, एक पार रस्त्यावर, गटातल्या नत्थुजींची तर गेटलाच आडवी. तरी भांडण नव्हतं, कारण आल्या आल्या चौकीदार प्रत्येक ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर खडूने नंबर टाकतो. मग कोणी कुठेही उभं राहो, चहाला जावो, माल नंबरानेच उतरतो. मी स्वतः सहा वर्षं ते नंबर पाहून पावत्या फाडत होते, आणि डोक्यात उजेड पडायला हा सोमवार उजाडावा लागला.

"यास्मीन, याचं नाव बदलता येते का?"

"येते ना. चित्रावर एकदा दाबा, मंग वरतचं एफ-दोन दाबा, अन् लिहा तुमच्या मनाचं."

"मराठीत?"

"मराठीत चालते."

सहा वर्षांत हे कोणी सांगितलं नव्हतं! मराठी टाइप तर मला झोपेतही येतं. नावाप्रमाणेच लावतो ना, मग आधी नंबर टाकून मी कामाच्या क्रमाने नावं घातली. १ शेतकऱ्याची नोंद. २ वजन. ३ मालाची प्रत. ४ लेबल. ५ गाडीची पावती. बाकीची नंतर. मग कॉम्प्युटर मुद्दाम बंद करून पुन्हा सुरू केला. आता पिस म्हटलं, किती पिसतोस ते पाहते.

एक, दोन, तीन, चार, पाच. रांगेत उभी.

"हे मले नाई सुचलं काकू," यास्मीन फोनवर हसत म्हणाली.

दहाला दहा मिनिटं असताना पहिलं लेबल नत्थुजींच्या पेटीवर चिकटलं. साडेदहापर्यंत अडीचशे झाली. गाडी अर्धा तास थांबली, तेवढं मी मान्य करते.

गाडी गेल्यावर धर्मपालभाऊंनी माझा पडदा पाहिला. मग माझ्यासमोरच अमरावतीला फोन लावून "राहू द्या, नका येऊ" म्हणाले. माझे खांदे तेव्हा कुठे खाली आले.

"मनकर्णाबाई, जरा आत या."

त्यांच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवर तेच गुळगुळीत निळं रान माजलं होतं. शनिवारचा फळा आणि खडू आठवला.

"शनिवारपासून काईच सापडून नाई राहिलं," ते हळू म्हणाले.

"मंग तो ऑपरेटर माह्यासाठी येत होता का तुमच्यासाठी?"

ते आपल्या खुर्चीत जाऊन बसले.

"उठा," मी म्हणाले. "उभ्यानं होत नाई हे काम."

धर्मपालभाऊ उठले. त्यांच्या गादीच्या खुर्चीत मी नीट मागे टेकून बसले आणि चष्मा लावला.

"सकाळी आल्यावर पयलं काय करता तुमी?"

त्यांनी विचार केला. "चहा घेतो."

"त्याले नंबर नाई लागत. दुसरं सांगा."