चौथा अंतरा

गायिका जयमाला स्वतः बदलली की तिला बदलवलं, यावर पावणे गावातल्या एका गाळ्यात रविवारी दुपारी दोन वाजता भांडण सुरू झालं. चार वाजले तरी माघार घ्यायला कुणी तयार नव्हतं.

गाळा धनेश म्हात्रेचा. म्हणजे त्याच्या बापाचा. गावची शेती एमआयडीसीत गेली, उरलेल्या जागेवर बापाने गाळे बांधून भाड्याने दिले, आणि त्यातला एक धनेशने आपल्या डीजेच्या सामानासाठी दाबून ठेवला. तिथल्या स्पीकरच्या काळ्या भिंतीला टेकून ‘जयमाला फॅन्स नवी मुंबई’ची वीसेक पोरंपोरी बसली होती. पुढच्या रविवारी वाशीच्या मॉलमध्ये जयमालाच्या नव्या गाण्याचं शूटिंग होतं. कोरस फॅन्सनी गायचा, अशी तिची गाणी काढणाऱ्या कंपनीची, लेबलची आयडिया. त्याचीच ही प्रॅक्टिस. पण गाण्याआधी भांडण झालं नाही तर ते फॅन कसले!

“आधी ती ओरडायची,” अभय म्हणाला. “आता ती गाते. याला ग्रोथ म्हणतात.”

अभय ग्रुपचा ॲडमिन. न्हावा शेवा बंदरात कस्टम एजंटकडे कामाला. दिवसभर कंटेनरचे कागद तपासून त्याला प्रत्येक गोष्टीला नाव आणि नंबर द्यायची सवय लागली होती.

“ओरडायची?” धनेश भडकला. “भीमजयंतीच्या ट्रकवर उभी, समोर दोन हजार मानसं, मागं जनरेटर. तिथं काय कानात सांगनार व्हती ती? आमच्या काकाचाच सिस्टिम व्हता त्या दिवशी. मना म्हाईत हाय आवाज काय व्हता तो.”

“तेच म्हणतोय. तेव्हा ट्रक होता, आता स्टुडिओ आहे. माणसाने कायम ट्रकवरच राहायचं का?”

“ट्रकवरून उतरली त्याचं नाय रे काय. आडनाव पन तिथंच ठेवून उतरली.”

पोरं हसली. जयमाला हिवराळे आता पोस्टरवर नुसती जयमाला होती.

“ते लेबलने काढलं,” अभय म्हणाला. “पाच वर्षांचा करार आहे बाबा. कुठलं गाणं, कुठले कपडे, कुठलं स्टेज, सगळं ते ठरवणार. जयंतीला एक ओळ गायची तरी त्यांची परवानगी लागते. त्या चौकटीत राहून पोरगी इथवर आली, ते बघ की.”

“चौकट नाही, चिमटा आहे तो,” अक्षता म्हणाली. “आधी तिचा श्वास ऐकू यायचा ओळीच्या मध्ये. आता श्वास पण कापून टाकतात.”

अक्षता बोलली की ग्रुप ऐकायचा. ती बेलापूरच्या एका सरकारी ऑफिसात कंत्राटी क्लार्क होती, पण इथे तिचा मान वेगळा. आठ वर्षांपूर्वी तुर्भ्याच्या जयंतीत जयमालाचं गाणं तिनेच मोबाईलवर घेतलं, तिनेच चॅनल काढून टाकलं. ती क्लिप पाच लाख लोकांनी बघितली, त्यात लेबलवाला एक होता. जयमालाला जगासमोर आणणारी बाई ती हीच.

“बस झालं, नवीन ट्रॅक ऐका,” म्हणत धनेशने लेबलकडून आलेली फाईल लावली.

गाणं तेच, जुनं.

*पाटी माझी काळी गं, हात माझे काळे,*
*अक्षरांनी उघडले बंद होते टाळे…*

खाली मऊ गिटार, जयमालाचा आवाज मधात बुडवल्यासारखा. एक अंतरा, दोन, तीन. मग मुखडा, मग गिटार, मग संपलं.

“चौथा अंतरा खं गेला?” धनेश म्हणाला.

“चौथा कुठला?” अभयने विचारलं. “तीनच आहेत. अक्षताच्या क्लिपमध्ये पण तीनच.”

“ट्रकवर चार गायलेली ती. चौथ्यात लिहिनाऱ्याचं नाव येते. तुमच्या लोकांच्या गान्यात शेवटी नाव घेतात, बरोबर ना गो अक्षता?”

बरोबर होतं. शाहिराने, कवीने शेवटच्या अंतऱ्यात आपलं नाव गुंफायचं, ही रीत. तीच सही, तोच कागद. गाणं कुणी कुणाला लिहून देत नाही, नुसतं देतात. पाठ झालं की झालं. पण नाव असलेला अंतरा गाळायचा नाही, एवढी एकच अट असते, आणि तीही बोलून दाखवायची नसते.

अभयने मोबाईलवर लेबलची माहिती उघडली. “गीत: पारंपरिक. झालं. लिहिणारा कुणी नाहीच.”

“पारंपरिक!” धनेश थुंकल्यासारखं म्हणाला. “साल्यांनी मानूस कापला आनि परंपरा केली.”

मग सगळा गाळा लेबलवर तुटून पडला. चोर म्हटलं, दलाल म्हटलं, अजून काय काय म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही. अभयने मोबाईल खिशात टाकला. आणि अक्षता? मान हलवत बसली. लेबलला शिव्या बसताहेत ते तिने बसू दिलं. कारण चौथा अंतरा लेबलने कापलाच नव्हता. तो त्यांना मिळालाच नव्हता.

अक्षता घरी पोचली तेव्हा तो लिहिणारा दत्तू सोनकांबळे, तिचा बाप, तुर्भे स्टोअर वस्तीतल्या खोलीत पंख्याखाली पेपर वाचत होता. परभणीकडून आलेला माणूस, पावण्याच्या केमिकल कंपनीत सव्वीस वर्षं गोण्या वाहिल्या. पाळी सुटली की पुठ्ठ्याच्या बॉक्सच्या मागच्या बाजूला गाणी लिहायचा. जयंतीत गायला पोरी घरी येऊन गाणं मागायच्या, आणि हा चहा पाजून देऊन टाकायचा.

“बाबा, तुमचं पाटीचं गाणं कंपनी नवीन काढतेय. जयमालाच्याच आवाजात.”

दत्तूने पेपर खाली ठेवला. चेहरा असा उजळला की अक्षताला तिथून उठून जावंसं वाटलं.

“व्हय? नाव घेतलं का मग माझं?”

“नाही. तीनच अंतरे आहेत.”

“तुझ्या फोनमधी जागा संपली होती न तव्हा. तिथूनच घेतलं आसंल त्यांनी,” तो म्हणाला. “त्यांचा तरी काय दोष.”

आठ वर्षं हा माणूस तेच धरून बसला होता. रिक्षात, चहाच्या टपरीवर, जिथे क्लिप वाजली तिथे गाणं त्याच्या दारापर्यंत येऊन मागे फिरलं, आणि त्याने दरवेळी समजूत घातली: लेकीच्या फोनमध्ये जागा नव्हती.

“जागा होती, बाबा.”

त्याने चष्मा काढून पेपरवर ठेवला.

“पूर्ण घेतलं होतं मी. टाकताना शेवटचं कापलं.”

का कापलं, हेही तिने सांगितलं. आता अर्धं सांगण्यात काही राम नव्हता. तेव्हा ती एकोणीस वर्षांची, वाशीच्या कॉलेजात. वर्गात तिने कधी आडनाव मोठ्याने घेतलं नव्हतं. गाण्याचे तीन अंतरे कुणाच्याही शाळेचे होते, कुणाच्याही पाटीचे. चौथा ऐकला की कळतं गाणारी कोण, लिहिणारा कोण, कुठल्या वस्तीतला. म्हणून तिने बोटाने ती पट्टी मागे ओढली आणि बाप कापून टाकला. चाळीस सेकंद. मग लोकांनी वा वा केली, आणि वा वा झाल्यावर परत कोण जोडतं?

दत्तू उठला. माठातून पाणी घेतलं, प्यायला नाही.

“माझं नाव कापलं, ठीकंय. म्या काय, हमाल मानूस,” तो म्हणाला. “भीमाचं काऊन कापलं?”

त्याने पाणी तसंच खाली ठेवलं. त्या रविवारपासून तो तिच्याशी बोलेनासा झाला. भांडण परवडलं असतं. तो भाकरी वाढायचा आणि भिंतीकडे तोंड करून जेवायचा.

बुधवारी अक्षताने ग्रुपवर लिहिलं. पाल्हाळ नाही, माफीचं नाटक नाही. ‘चौथा अंतरा लेबलने नाही, मी कापला. तो माझ्या बापाने लिहिलाय. रविवारी कोरसमध्ये मी तो गाणार. ज्याला यायचंय त्याने शिकून घ्या.’ खाली चारही ओळी टाकल्या, आणि स्वतःच्या आवाजात चाल.

अभयचा फोन दोन मिनिटांत आला.

“डिलीट कर ते आधी.”

“नाही करणार.”

“अगं, लेबल आपल्याला पहिल्यांदा आत घेतंय. तू गाशील आणि ते शूटिंग बंद करतील. फटका कुणाला? जयमालाला. तिचं करिअर आहे.”

“माझ्या बापाचं काय आहे?”

“तुला आठ वर्षांनी आठवला बाप?”

हे बरोबर होतं, म्हणून जास्त लागलं. “हो, आठ वर्षांनी,” ती म्हणाली. “उशीर झाला म्हणून गप्प बसू? कागद लेट आला तर तू कंटेनर समुद्रात टाकतोस का?”

अभयने फोन ठेवला. धनेशने ग्रुपवर फक्त एवढंच लिहिलं: ‘मी हाय.’

रविवारी अकरा वाजता मॉलच्या मधल्या चौकात छोटं स्टेज, तीन कॅमेरे, पांढरे टीशर्ट वाटून झालेले. दीडशे फॅन्स. लेबलचा राजवर्धन हातात पॅड घेऊन सगळ्यांना ‘फॅमिली, फॅमिली’ म्हणत फिरत होता. माणूस वाईट नव्हता. गोड बोलणारा होता, आणि ते जास्त अवघड असतं.

जयमाला आली. अक्षताला तिने ओळखलं, डोळ्यांनी हसली. जवळ यायला मात्र तिच्या बाजूच्या माणसाने दिलं नाही.

ट्रॅक लागला. पोरांनी जीव ओतून गायलं. एक अंतरा, दोन, तीन. मुखडा, गिटार. राजवर्धनने अंगठा दाखवला. “सुपर्ब, फॅमिली!”

आणि गिटार विरायच्या आत अक्षताने तोंड उघडलं.

*पावण्याच्या शेडामधी गोणी वाहतो दत्तू,*
*पाळी सुटली की गाणी लिहितो दत्तू…*

आवाज फाटला. ती गायिका नव्हतीच कधी. पहिली ओळ एकटीची गेली आणि मॉलच्या चकचकीत फरशीवर उघडी पडली. दुसऱ्या ओळीला धनेशचा बेसूर रेड्यासारखा आवाज लागला. मग मागून तीन पोरी. मग दहाजण. राजवर्धनने हात हलवला, माईक बंद झाले. माईक कुणाला पाहिजे होता?

*लेकीला तो सांगतो गं, कुणापुढं नको वाकू,*
*भीमानं दिलेली ही पाटी कधी नको टाकू!*

दीडशेतले चाळीसेक गायले. बाकीचे उभे राहिले, काही मोबाईल काढून, काही खाली बघत. अभय खाली बघणाऱ्यांत होता. वरच्या मजल्यावर झाडू मारणारी एक बाई मात्र कठड्याला येऊन शेवटची ओळ पूर्ण म्हणाली. तिला ग्रुपवर कुणी शिकवली नव्हती, वस्तीतल्या जयंतीत ऐकलेली होती.

जयमाला स्टेजवर ओठ मिटून उभी होती. तिचा पाय तेवढा ठेका धरत होता.

अक्षता थेट स्टेजच्या पायरीशी गेली. “पायाने नाही चालणार, जयमाला. माझ्या घरी बसून पाठ केलेलंस तू ते. चार अंतरे.”

“दोन वर्षं राहिलीत करारातली, ताई,” जयमाला हळू म्हणाली. “मी म्हटलं तर सगळी गाणी अडकवतील ते.”

“मग सांग ना तसं. गाता येत नाही तर निदान बोल.”

जयमालाने बाजूच्या माणसाकडे बघितलं. अक्षताला तिचा राग आला आणि कीवही आली. पण राग जास्त आला, आणि तो तिने लपवला नाही. “भिऊन कापणारी मी पहिली,” ती म्हणाली. “दुसरी तू होऊ नकोस.”

राजवर्धन तोवर पोचला. “मॅडम, प्लीज. हे गाणं ट्रॅडिशनल आहे. तुमच्याकडे काही पुरावा? डॉक्युमेंट?”

“मी आहे पुरावा. चौथा अंतरा मी कापला.”

“म्हणजे, तुम्ही हे मान्य करताय? हे लिहून दिलंत तर तुमचं चॅनल, ती क्लिप, सगळं आमची लीगल टीम बंद पाडू शकते…”

“पेन द्या.”

“अक्षता, वेडी झालीस का!” अभय मागून ओरडला. “उद्या ऑफिसात जाईल तो कागद!”

“जाऊ दे. तिथे पण माझं आडनाव लिहिलेलंच आहे, फक्त मी तोंडाने घेत नव्हते.”

राजवर्धनने गोंधळून पॅडवरचा कोरा कागद काढून दिला. अक्षताने तो धनेशच्या पाठीवर ठेवला.

“जोरात दाब नको गो, शर्ट कंपनीचा हाय,” धनेश म्हणाला.

तिने लिहिलं: गाणं दत्तू सोनकांबळे यांचं. अंतरे चार. शेवटचा मी लाजेने कापला, आज जोडला. खाली चारही ओळी पूर्ण उतरवल्या. त्याखाली सही केली. ऑफिसात मारायची तशी फरपटलेली रेघ नाही. शाळेत पाटीवर काढायची तशी, एकेक अक्षर सुटं: अक्षता दत्तू सोनकांबळे.

राजवर्धनने कागद घेतला आणि घाईने घडी घालू लागला.

“घडी नंतर घाला,” अक्षता म्हणाली. “आधी वाचा. कॅमेरे चालू आहेत. मोठ्याने वाचा.”